लॅपटॉप किती वॅट खातो हे मोजल्याशिवाय बॅटरीचे उपाय करू नयेत

तळजाई (धागाकर्ता)

लॅपटॉपची बॅटरी पुरत नाही, ही तक्रार इथे अधूनमधून कोणी ना कोणी मांडतोच आणि त्याखाली ठरलेले सल्ले येऊन पडतात: ब्राइटनेस कमी करा, ब्लूटूथ बंद ठेवा, डार्क थीम लावा, बॅटरी महिन्यातून एकदा पूर्ण उतरवा. यांतील कोणत्या सल्ल्याने नेमका किती फरक पडला हे मात्र सहसा कोणी लिहीत नाही, कारण ते मोजलेलेच नसते. ब्लूटूथ बंद करून होणारी बचत इतकी किरकोळ असते की ती आकड्यांत शोधावी लागते. उलट ब्राउझरमध्ये उघडी राहिलेली एखादी टॅब तासाभराची बॅटरी निमूटपणे खाऊन जाते. म्हणून हा धागा उपायांपेक्षा मोजमापाबद्दल आहे.

आधी दोन प्रश्न वेगळे करायला हवेत, कारण चर्चेत ते हमखास एकमेकांत मिसळतात. एका चार्जिंगवर लॅपटॉप किती तास चालतो, हा पहिला प्रश्न. बॅटरी किती वर्षे चार्ज धरून राहते, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर लॅपटॉप दर क्षणी किती वॅट ओढतो यावर अवलंबून असते, तर दुसऱ्याचे उत्तर मुख्यतः उष्णता आणि चार्जची पातळी यांवर. पहिल्यासाठी केलेल्या उपायाचा दुसऱ्याला थोडा हातभार लागतो, पण दोन्ही एकच नव्हेत.

हिशेब सोपा आहे. बॅटरीवर वॅट-तासांचा आकडा छापलेला असतो. माझ्या लॅपटॉपवर तो ५६ आहे. वापरून वापरून आज पूर्ण चार्ज झाल्यावर तिच्यात प्रत्यक्षात ४३ वॅट-तास मावतात. लॅपटॉप १४ वॅट ओढत असेल तर तीन तास आणि ७ वॅट ओढत असेल तर सहा तास. पडद्याच्या कोपऱ्यात ‘इतके तास शिल्लक’ असे जे दिसते ते याच भागाकारातून येते. पण छेद सतत बदलत असल्याने तो अंदाज क्षणात दोन तासांनी वाढतो आणि क्षणात तेवढाच घटतो. अ‍ॅपलने तर डिसेंबर २०१६ मध्ये मॅकओएस १०.१२.२ च्या वेळी हा शिल्लक वेळेचा आकडा वरच्या पट्टीतून काढूनच टाकला. तेव्हा तासांकडे न पाहता वॅटकडे पाहावे.

वॅट कुठे दिसतात? लिनक्सवर ‘सिस/क्लास/पॉवर_सप्लाय/बॅट०’ या फोल्डरमध्ये ‘पॉवर_नाऊ’ नावाची फाइल असते. तिच्यातील आकडा मायक्रोवॅटमध्ये असतो, म्हणजे ७२४०००० दिसले तर ७.२४ वॅट. काही यंत्रांत ही फाइल नसते, त्याऐवजी ‘करंट_नाऊ’ आणि ‘व्होल्टेज_नाऊ’ असतात. त्यांचा गुणाकार करावा लागतो. विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’ लिहून त्यापुढे तिरकी रेघ आणि ‘बॅटरीरिपोर्ट’ लिहिले की एक एचटीएमएल फाइल तयार होते, तिच्यात मूळ क्षमता, आजची पूर्ण क्षमता आणि मागील वापराचा इतिहास मिळतो. त्या क्षणीचे वॅट मात्र त्यात नसतात. त्यासाठी एचडब्ल्यूइन्फोसारखा प्रोग्राम घ्यावा आणि त्यातील बॅटरीच्या विभागात पाहावे. टास्क मॅनेजरमध्ये ‘पॉवर युसेज’ असा एक स्तंभ असतो, पण तो ‘कमी’, ‘जास्त’ असे शेरे देतो, वॅट सांगत नाही. मॅकवर कोकोनटबॅटरी या छोट्या प्रोग्राममध्ये वॅट दिसतात.

मोजण्याआधी चार्जर काढावा, कारण बॅटरीतील मापक फक्त बॅटरीतून जाणारा प्रवाह मोजतो. ब्राइटनेस एका जागी ठेवावा, सर्व प्रोग्राम बंद करावेत, काही मिनिटे यंत्राला शांत होऊ द्यावे आणि मग सरासरी लिहून ठेवावी. हा आपला पाया. त्यानंतर एका वेळी एकच गोष्ट बदलून पुन्हा पाहावे. माझ्याकडे हा पाया साडेपाच वॅटच्या आसपास आहे आणि ब्राइटनेस किमान मर्यादेवरून पूर्ण केल्यावर तो साडेआठच्या पुढे जातो. म्हणजे नुसत्या पडद्यावर तीन वॅट. डार्क थीमने माझ्याकडे शून्य फरक पडला, आणि तो पडणारही नव्हता, कारण माझा पडदा एलसीडी आहे. त्यामागचा दिवा चित्र काळे असो वा पांढरे, तेवढाच जळत राहतो. ओएलईडी पडद्यावर काळा ठिपका खरोखर विझलेला असतो, तिथे गोष्ट वेगळी.

आपापले आकडे द्यावेत. यंत्राचे वय आणि पडद्याचा प्रकारही लिहावा.

मुळाकाठ

धागा उपयुक्त आहे, परंतु सॉफ्टवेअरमधील आकड्यावर इतका विश्वास ठेवावा का, याविषयी मला शंका आहे. मी पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून सॉकेटमध्ये लावायचा छोटा वॅटमीटर आणला आहे. लॅपटॉप स्वतःचा वापर ८ वॅट सांगतो, तेव्हा भिंतीवरचा मीटर ११ दाखवतो. दोहोंपैकी खरा कोणता?

तळजाई (धागाकर्ता)

मुळाकाठ, दोन्ही खरे आहेत, फक्त दोन वेगळ्या ठिकाणी मोजलेले आहेत. भिंतीवरचा मीटर चार्जरमध्ये उष्णता होऊन वाया जाणारी वीजही धरतो, आणि बॅटरी पूर्ण भरलेली नसेल तर चार्जिंगचीही धरतो. तो आकडा वापरायचाच असेल तर बॅटरी पूर्ण भरून चार्जिंग थांबल्यावरच पाहावा. शिवाय स्वस्त मीटर शंभर-दोनशे वॅटच्या उपकरणांसाठी बरे असतात, पाच-दहा वॅटवर त्यांची अचूकता घसरते. चार्जर टाइप-सी असेल तर मध्ये जोडायचा यूएसबी मीटर अधिक बरा, कारण तो चार्जरच्या अलीकडे, डीसी बाजूला मोजतो.

आपल्याला दोन स्थितींमधील फरक हवा आहे. त्यासाठी एकच मापक धरून ठेवला की तो थोडा चुकीचा असला तरी चालतो. एक आकडा इथून आणि दुसरा तिथून घेतला की मात्र सगळा घोळ होतो.

अनुस्वार

मी हिंजवडीत लिनक्सवरच काम करतो, त्यामुळे काही गोष्टी सविस्तर लिहितो.

पहिली बाब अशी की मोजण्याची क्रियाच वीज खाते. आधुनिक प्रोसेसर काम नसताना टप्प्याटप्प्याने खोल झोपेत जातो. या टप्प्यांना सी-स्टेट म्हणतात. संपूर्ण चिप सर्वांत खोल टप्प्यात पोहोचली तरच पायाभूत वापर खाली येतो. एखादा आकर्षक आलेख दाखवणारा प्रोग्राम सेकंदाला अनेकदा सर्व मापके वाचत असेल, तर तो प्रोसेसरला दर वेळी गदागदा हलवून उठवतो आणि मग स्वतःच वाढवलेला वापर आपल्याला दाखवतो. म्हणून मी वाचनाचे अंतर दहा ते पंधरा सेकंद ठेवतो. तसेही बॅटरीतील चिप अनेक यंत्रांत काही सेकंदांनीच आकडा बदलते. त्याहून वेगाने वाचून जुनाच आकडा पुन्हा हाती येतो.

दुसरी बाब स्वतंत्र ग्राफिक कार्डाची, आणि पुण्यातील बऱ्याच अभियांत्रिकी विद्यार्थ्यांकडे गेमिंग लॅपटॉप असल्याने ती महत्त्वाची आहे. एनव्हिडियाचे कार्ड काम नसताना पूर्ण झोपलेले असणे अपेक्षित असते. ते झोपले आहे का हे पाहण्यासाठी लोक ‘एनव्हिडिया-एसएमआय’ ही आज्ञा चालवतात, आणि ती आज्ञाच कार्डाला जागे करते! मग पडद्यावर ‘कार्ड चालू, इतके वॅट’ असे दिसते आणि माणूस ड्रायव्हरला, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, शिव्या घालत बसतो. त्याऐवजी त्या कार्डाच्या पीसीआय फोल्डरमधील ‘रनटाइम_स्टेटस’ ही फाइल वाचावी. तिच्यात ‘सस्पेंडेड’ असेल तर कार्ड झोपलेले आहे, आणि ही फाइल वाचल्याने ते उठत नाही. आणखी एक मेख अशी की बऱ्याच गेमिंग लॅपटॉपमध्ये एचडीएमआयचे भोक थेट या कार्डाला जोडलेले असते. बैठकीच्या खोलीत प्रोजेक्टर लावला की कार्ड जागे होते आणि वायर काढेपर्यंत जागेच राहते. त्यात प्रेझेंटेशनचा काही दोष नसतो.

कोणता प्रोग्राम किती खातो हे पाहण्यासाठी पॉवरटॉप आहे. इंटेलने तो २००७ मध्ये काढला आणि आजही माझ्या मते त्याला तोड नाही. पण त्यातील प्रत्येक प्रोग्रामपुढचे वॅट हे अनुमान असते, मोजमाप नव्हे. एकूण वापर बॅटरीवरून घेऊन तो कोणामुळे झाला याची वाटणी तो गणिताने करतो. त्यातील ‘सेकंदाला किती वेळा जागे केले’ हा स्तंभ मी अधिक विश्वासार्ह मानतो. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये २०११ च्या सँडी ब्रिज पिढीपासून रॅपल नावाची ऊर्जामापक सोय आहे. ‘टर्बोस्टॅट’ हा प्रोग्राम तीच वाचतो. परंतु ती फक्त प्रोसेसरच्या चिपपुरती असते. पडदा, एसएसडी, वायफाय त्यात येत नाहीत. बॅटरी ९ वॅट सांगत असेल आणि रॅपल २ सांगत असेल, तर उरलेले ७ वॅट बाहेर शोधावेत. प्रोसेसरच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

टीएलपी आणि ‘पॉवर-प्रोफाइल्स-डीमन’ हे वीज वाचवणारे दोन्ही प्रोग्राम एकाच वेळी बसवू नयेत. दोघेही त्याच कळा फिरवतात.

पेठेतली_अभ्यासिका

मी स्पर्धा परीक्षेची तयारी करते आणि सदाशिव पेठेतील एका अभ्यासिकेत बसते. तिथे प्लग पॉइंट भिंतीलगतच्या रांगेतच आहेत आणि ती रांग सकाळी सहालाच भरते. माझा लॅपटॉप जुना आहे, इंटेल सहाव्या पिढीचा, विंडोज १० असलेला. दिवसभर रेकॉर्ड केलेली व्याख्याने पाहणे आणि पीडीएफ वाचणे एवढेच काम आहे. तरीही बॅटरी दोन तासही पुरत नाही. वर सांगितल्याप्रमाणे रिपोर्ट काढला: मूळ क्षमता ४१ वॅट-तास, आजची २७. एचडब्ल्यूइन्फोमध्ये पीडीएफ वाचताना साडेसहा ते सात वॅट दिसतात, पण व्याख्यान लावले की पंधरा. फळ्यावर लिहिणारा एक माणूस दाखवायला दुप्पट वीज का लागावी? नवीन बॅटरी घेण्याआधी काही करता येईल का?

अनुस्वार

तुम्ही दोन्ही आकडे वेगवेगळे दिलेत, त्यामुळे निदान सोपे झाले. पीडीएफचे सात वॅट पाहता यंत्राचा पाया ठीक आहे. गडबड व्हिडिओची आहे.

व्हिडिओ दाबलेल्या स्वरूपात येतो आणि तो उलगडण्यासाठी ग्राफिक चिपमध्ये एक स्वतंत्र भाग असतो, जो हे काम अत्यंत कमी विजेत करतो. पण तो भाग ज्या पद्धती जाणतो त्याच उलगडू शकतो. व्हीपी९ ही पद्धत पूर्णपणे त्या भागात उलगडण्याची सोय इंटेलच्या सातव्या पिढीपासून आहे आणि एव्ही१ ची लॅपटॉपमध्ये अकराव्या पिढीपासून. तुमची सहावी. यूट्यूब ब्राउझरला शक्यतो नवी पद्धत देऊ पाहतो, कारण त्याचा डेटा वाचतो. ते ओझे तुमच्या प्रोसेसरवर येते. जुनी एच.२६४ पद्धत मात्र तुमच्या चिपला उत्तम येते.

खात्री अशी करावी: व्याख्यान चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सच्या पानावर ग्राफिक चिप निवडावी आणि ‘व्हिडिओ डिकोड’चा आलेख पाहावा. तो तळाला चिकटून असेल आणि त्याच वेळी प्रोसेसर तीस-चाळीस टक्के दाखवत असेल, तर हेच कारण. व्हिडिओवर माउसची उजवी कळ दाबून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडले की कोणती पद्धत वापरात आहे तेही लिहिलेले दिसते. त्यानंतर एच२६४इफाय नावाचे ब्राउझरचे एक्स्टेन्शन बसवावे, ते यूट्यूबला जुनी पद्धतच देण्यास भाग पाडते. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन चालू आहे ना, हेही पाहावे. फळ्यावरच्या व्याख्यानाला ४८० ची चित्रगुणवत्ता पुष्कळ झाली.

पेठेतली_अभ्यासिका

दादा, आलेख खरोखर तळालाच होता आणि पद्धतीच्या जागी व्हीपी९ लिहिलेले होते. एक्स्टेन्शन बसवल्यावर आणि चित्र ४८० वर ठेवल्यावर आकडा नऊ वॅटच्या खाली आला. पंखाही आता ऐकू येत नाही, ज्याबद्दल शेजारच्या टेबलावरच्या मुलीने आभार मानले. २७ भागिले ९ म्हणजे तीन तास. प्रत्यक्षात त्याहून थोडे कमी मिळते.

तळजाई (धागाकर्ता)

थोडे कमी मिळते, कारण विंडोज शेवटचे काही टक्के राखून ठेवते आणि त्याआधीच यंत्र झोपवते. जुन्या बॅटरीत तर चार्ज तळाशी येताना व्होल्टेज एकदम कोसळते, त्यामुळे हिशेबातले शेवटचे दोन-तीन वॅट-तास हाती लागतीलच असे नाही.

जुना_खेळाडू

यात एक सोपा उपाय राहून गेला. विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के केली की टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा तात्पुरता वाढीव वेग, बंद पडतो. मी तर ती ५० वर ठेवतो. प्रोसेसर जितका हळू, तितकी बॅटरी जास्त. त्यासाठी एवढे आकडे कशाला हवेत?

अनुस्वार

९९ पर्यंत सहमत आहे, ५० ला नाही, आणि आकडे नेमके याचसाठी हवेत. बॅटरीतून खर्च होते ती ऊर्जा, म्हणजे वॅट गुणिले वेळ. प्रोसेसर हळू केला की वॅट घटतात, पण काम लांबते, आणि तेवढा वेळ पडदा, मेमरी आणि वायफाय चालूच राहतात.

माझ्याकडे एक प्रोग्राम कंपाइल करायला, म्हणजे लिहिलेला कोड यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणायला, टर्बोसह साधारण चार मिनिटे लागतात आणि त्या वेळी यंत्र ३० वॅट ओढते. टर्बो बंद केल्यावर तेच काम १५ वॅटमध्ये सहा मिनिटांत होते. फारच आवळले तर ११ वॅट, पण तेरा मिनिटे. तिन्हींची तुलना तेरा मिनिटांच्या एकाच खिडकीत करू, म्हणजे काम संपल्यावर उरलेल्या वेळात यंत्र ६ वॅटवर शांत बसले आहे असे धरू. टर्बोसह एकूण २.९ वॅट-तास, टर्बोविना २.२, आणि फार आवळल्यावर २.४. तात्पर्य असे की शेवटचा वेग फार महाग असतो, कारण त्यासाठी व्होल्टेज वाढवावे लागते आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पण एका मर्यादेखाली वेग उतरवण्यात बचत उरत नाही, उलट तोटा होतो. ती मर्यादा प्रत्येक यंत्राची वेगळी असते आणि काम संपल्यावर आपण लॅपटॉप मिटता की नाही यावरही ती बदलते.

जुना_खेळाडू

माझे काम टायपिंगचे आहे, कंपाइल करण्याचे नाही.

अनुस्वार

मग ५० आणि १०० यांत तुम्हाला फरकच दिसणार नाही, कारण टायपिंग करताना प्रोसेसर बहुतेक वेळ झोपलेलाच असतो. मोजून पाहावे.

नांदेड_फाटा

माझी समस्या झाकण मिटल्यावरची आहे. संध्याकाळी सत्तर टक्के असताना झाकण मिटून लॅपटॉप बॅगेत ठेवतो, स्कूटरवरून घरी येतो, आणि रात्री बॅग उघडली की लॅपटॉप गरम लागतो व बॅटरी पंचेचाळीसवर असते. सेवाकेंद्रात दाखवला, तर त्यांनी तपासणी न करताच बॅटरी बदलण्याचे दरपत्रक हातात ठेवले.

तळजाई (धागाकर्ता)

बॅटरी बदलण्याची घाई करू नये. ‘पॉवरसीएफजी’पुढे तिरकी रेघ आणि ‘ए’ लिहून पाहावे. यंत्राला झोपेचे कोणते प्रकार येतात ते कळेल. पूर्वीच्या एस३ झोपेत मेमरी सोडून जवळपास सगळे बंद होत असे. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये ती काढून तिच्या जागी ‘एस० लो पॉवर आयडल’ आलेली आहे, म्हणजे यंत्र मोबाइलप्रमाणे डोळा मिटून जागे असते, मेल तपासते, अपडेट उतरवते. एखादा ड्रायव्हर किंवा प्रोग्राम त्याला शांत बसू देत नसेल, तर बंद बॅगेत ते तापत राहते. दोषी कोण हे ‘पॉवरसीएफजी’चा ‘स्लीपस्टडी’ हा अहवाल सांगतो: प्रत्येक झोपेची वेळ, तिच्यात गेलेले टक्के आणि सर्वाधिक जागे राहिलेल्या घटकांची नावे त्यात असतात.

तोवर झाकण मिटल्यावर ‘हायबरनेट’ होईल, म्हणजे उघडे काम डिस्कवर साठवून यंत्र बंद होईल, असे ठेवावे. उघडायला काही सेकंद जास्त लागतात, पण त्या स्थितीत बॅटरीतून जवळजवळ काहीच जात नाही. बॅगेतल्या त्या उष्णतेने बॅटरीचे आयुष्यही कमी होते, हा वेगळाच तोटा.

नांदेड_फाटा

अहवाल काढला. यादीत सर्वांत वर वायफायचे कार्ड आहे, आणि झोपेच्या वेळेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक काळ ते सक्रिय दिसते. लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून त्याचा नवा ड्रायव्हर टाकला आणि झाकणाला हायबरनेट लावले. आता सकाळी टक्के तेच असतात. ड्रायव्हरने फरक पडला की हायबरनेटने, हे वेगळे करण्यासाठी काही दिवसांनी पुन्हा साधी झोप लावून अहवाल काढेन.

निवृत्त_अभियंता

मी सत्तरीचा असून आयुष्य विजेच्या क्षेत्रात गेले. माझा लॅपटॉप टेबलावर कायम चार्जरला जोडलेला असतो. नातू म्हणतो, ऐंशी टक्क्यांची मर्यादा लावा. मला हे पटत नाही. बॅटरीचे वीस टक्के उद्या कमी होतील या भीतीने ते आजच सोडून द्यायचे, हा कुठला व्यवहार? दुसरे, महिन्यातून एकदा बॅटरी पूर्ण उतरवावी असे आम्ही नेहमी करत आलो.

तळजाई (धागाकर्ता)

काका, आपल्या प्रश्नातच उत्तर आहे: लॅपटॉप कायम चार्जरला जोडलेला असेल तर ते वीस टक्के आपण वापरतच नाही. सोडायचे असे काही उरत नाही.

लिथियम-आयन सेल पूर्ण भरल्यावर साधारण ४.२ व्होल्टवर असतो. त्या पातळीवर सेलच्या आतील रासायनिक झीज सर्वांत वेगाने होते, आणि उष्णता तिला आणखी रेटा देते. एप्रिल-मेमध्ये दुपारी चाळिशीला टेकणारे बाहेरचे तापमान, वरच्या मजल्यावरची खोली, लॅपटॉपची स्वतःची ऊब आणि शंभर टक्के चार्ज हे सगळे एकत्र आले, तर बॅटरी एकदाही न उतरता बसते. चार्जिंगची आवर्तने कमी झाली म्हणून ती नवी राहते असे नाही. ऐंशी टक्क्यांवर व्होल्टेज खाली राहते आणि झीज मंदावते.

ही मर्यादा लेनोव्होत ‘कन्झर्व्हेशन मोड’ या नावाने, एसुसच्या प्रोग्राममध्ये साठ, ऐंशी आणि शंभर अशा पर्यायांनी, तर डेलमध्ये बायोसमध्येच, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, मिळते. लिनक्सवर यंत्राला ती येत असेल तर बॅटरीच्या त्याच फोल्डरमध्ये ‘चार्ज_कंट्रोल_एंड_थ्रेशोल्ड’ फाइल असते, तिच्यात ८० लिहायचे. डेक्कन क्वीनने मुंबईला जायचे असेल तर आदल्या रात्री मर्यादा काढून शंभर करावे. एखाद्या रात्रीने काही बिघडत नाही.

पूर्ण उतरवण्याची सवय निकेल-कॅडमियमच्या काळातील आहे आणि त्या बॅटऱ्यांसाठी ती योग्य होती. लिथियमला त्याने फायदा होत नाही. फक्त बॅटरीतील मापकाचा अंदाज भरकटला असेल, म्हणजे तीस टक्के दाखवत असताना यंत्र अचानक बंद पडत असेल, तर एकदा पूर्ण भरून, सलग उतरवून पुन्हा भरल्याने मापक जागेवर येतो. तो मापकाचा उपचार झाला. बॅटरीची गेलेली क्षमता त्याने परत येत नाही.

निवृत्त_अभियंता

निकेल-कॅडमियमचा मुद्दा मान्य. ऐंशीची मर्यादा आज लावली. तापमानाविषयी मात्र एक भर घालतो: लॅपटॉप गादीवर किंवा सोफ्यावर ठेवू नये, खालच्या जाळ्या बुजतात. इथल्या तरुण मंडळींना हे सांगावे लागते.

मुळाकाठ

काकांशी शंभर टक्के सहमत. आणि बॅटरी फुगली असेल तर टचपॅड वर उचलला जातो किंवा त्याची कळ दबेनाशी होते. तसे दिसले तर मोजमाप वगैरे सोडून लॅपटॉप बंद करावा, चार्जरला लावू नये आणि बॅटरी काढून घ्यावी. ती टोचू नये, दाबू नये आणि ओल्या-सुक्या कचऱ्यात तर मुळीच टाकू नये. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांच्या पुनर्प्रक्रियेची सोय करणे ही उत्पादकांची जबाबदारी आहे, त्यामुळे दुकानदाराला विचारावे.

पेठेतली_अभ्यासिका

तीन तासांवर काम भागत होते, पण परीक्षा जवळ आल्याने शेवटी नवी बॅटरी घ्यायचे ठरवले आहे. एका दुकानदाराने माझ्याच मॉडेलसाठी, त्याच आकाराची, ‘६५ वॅट-तासांची दमदार’ बॅटरी मूळपेक्षा स्वस्तात देऊ केली. मूळ ४१ ची आहे. घ्यावी का?

अनुस्वार

घेऊ नये. तेवढ्याच जागेत, तेवढ्याच सेलमध्ये दीडपट ऊर्जा मावत नाही. तो आकडा फक्त स्टिकरवर असतो. मोठ्या लॅपटॉपमध्येही निर्माते शंभराच्या आत थांबतात, कारण विमानात परवानगीवाचून १०० वॅट-तासांपर्यंतचीच बॅटरी नेता येते, आणि ते आकाराने आपल्या दुप्पट असतात. जुन्या बॅटरीवरचा भाग क्रमांक, व्होल्टेज आणि वॅट-तास यांचा फोटो काढून न्यावा आणि तिन्ही जुळवावेत. भारतीय मानक ब्यूरोची खूण आणि आयएस १६०४६ हा क्रमांक छापलेला आहे का पाहावे. बॅटरी बसवल्यावर दुकानातच रिपोर्ट काढावा.

पेठेतली_अभ्यासिका

४१ चीच घेतली, दुसऱ्या दुकानातून, खूण पाहून. रिपोर्ट दुकानातच काढला तेव्हा दुकानदार जरा चमकला. पूर्ण क्षमता ३८.६ दाखवते आहे. नव्या बॅटरीत ४१ का नाहीत? परत करावी का?

तळजाई (धागाकर्ता)

लगेच परत करू नये. नव्या बॅटरीच्या मापकाला तिची खरी क्षमता एक-दोन पूर्ण आवर्तनांनंतरच कळते. एकदा शंभरपर्यंत भरून, नेहमीची व्याख्याने लावून दहाच्या खाली जाईपर्यंत सलग वापरा, पुन्हा पूर्ण भरा आणि मग रिपोर्ट काढा. तोपर्यंत चार्जची मर्यादा लावू नका, कारण बॅटरी शंभरला पोहोचलीच नाही तर मापकाला वरचे टोक सापडत नाही. त्यानंतरही आकडा ३७-३८ च्या खाली घसरत राहिला, तर पावती घेऊन दुकानात जा आणि दोन्ही रिपोर्टांची छापील प्रत सोबत न्या.